निर्जळ ढगांचे पत्र

बायबलच्या नव्या करारात शेवटून दुसरे लिखाण म्हणजे यहूदाचे पत्र. अध्याय एकच, वचने पंचवीस. मराठी प्रतीत ते दीड-दोन पानांत संपते आणि लगेच 'प्रकटीकरण' सुरू होते. त्या भव्य पुस्तकाकडे निघालेला वाचक बहुधा या पत्रावरून नुसता पुढे जातो. रायगडातल्या कर्जत-खालापुरात राहणाऱ्या माणसाने तरी तसे करू नये, असे मला कळकळीने वाटते. या पत्राच्या गाभ्यात एक चित्र आहे: वाऱ्याने हाकलत नेलेले, पाण्यावाचूनचे ढग. राब भाजून, नांगर सारखा करून मृगाची वाट पाहणाऱ्या मुलखाला ते चित्र कुणी समजावून द्यावे लागत नाही.

पत्राचा विषय एका वाक्यात मावतो: तुमच्यात खोटे उपदेशक शिरले आहेत, सावध राहा. असा इशारा नव्या करारात ठिकठिकाणी आहे. पौलाने गलतीकरांना लिहिले, तीमथ्याला लिहिले. योहानाच्या पत्रांतही तोच सूर ऐकू येतो. ते मुद्दा मांडतात, विरोधकाचा मुद्दा खोडतात, शास्त्रार्थ करतात. यहूदाला शास्त्रार्थात रस नाही. तो एकामागून एक चित्रे काढत जातो आणि प्रत्येक चित्र वाचकाच्या अंगावर टाकतो. धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला म्हणून हे पत्र थोडे अपुरे वाटते. साहित्याच्या रसिकाला मात्र ते हातचे सोडवत नाही.

आधी लेखकाची ओळख. हा यहूदा म्हणजे विश्वासघात करणारा इस्कर्योत नव्हे. तो स्वतःला येशू ख्रिस्ताचा दास आणि याकोबाचा भाऊ म्हणवतो. मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या भावांची नावे आली आहेत, त्यांत याकोब आहे आणि यहूदाही आहे. त्यावरून परंपरेने हे पत्र येशूच्या धाकट्या भावाचे मानले. ते खरोखर त्याच्याच हातचे का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ज्याने कुणी पहिली ओळ लिहिली त्याने एक फार मोठी गोष्ट त्या ओळीत करून ठेवली. 'मी प्रभूचा सख्खा भाऊ' एवढे म्हटले असते तर पुढे कुणी तोंड उघडले नसते. ते नाते तो उच्चारत नाही. भाऊपण सांगतो ते याकोबाशी, आणि येशूशी सांगतो ते दास्य. ज्यांच्याविरुद्ध तो लिहितो आहे ती माणसे अधिकार, मोठेपणा, स्वतःला पडलेली स्वप्ने यांच्या जोरावर जगत होती. त्यांना पहिले उत्तर त्याने स्वतःची ओळख करून देताना दिले आहे.

या घराण्याची एक हकिगत युसेबियस या चौथ्या शतकातल्या इतिहासकाराने हेगेसिप्पस या त्याच्याहून जुन्या लेखकाच्या आधाराने नोंदवून ठेवली आहे. सम्राट डोमिशियनच्या काळात (इ.स. ८१ ते ९६) यहूदाच्या दोन नातवंडांविरुद्ध चुगली झाली. हे दाविदाच्या राजवंशातले आहेत, उद्या गादीवर हक्क सांगतील, असा संशय. त्यांना सम्राटापुढे उभे केले. तुमची मालमत्ता किती, असे विचारले. त्यांनी सांगितले, दोघांत मिळून ३९ प्लेथ्रा जमीन, तीही स्वतः कसतो, तिच्यातूनच कर भरतो आणि पोट भरतो. मग त्यांनी आपले हात पुढे केले. रोजच्या कष्टाने तळव्यांवर पडलेले घट्टे दाखवले. सम्राटाने त्यांना क्षुल्लक माणसे समजून सोडून दिले. ही कथा पत्रात नाही, पण पत्र वाचताना मला ती शेजारी उघडी ठेवावीशी वाटते. शेतावर राबणाऱ्या घरातल्या माणसाने हे पत्र लिहिले, असे धरून चालले की त्यातले ढग, झाडे आणि फळे केवळ अलंकार राहत नाहीत. पाऊस न पडणे म्हणजे काय, हे त्या घराला ठाऊक होते.

अभिवादन होताच यहूदा एक कबुली देतो, आणि ती मला पत्रातली सर्वांत माणुसकीची जागा वाटते. लिहायचे होते दुसरेच, असे तो सांगतो. आपल्या सर्वांच्या तारणाविषयी सविस्तर, मनापासून लिहावे, अशी त्याची तयारी चालली होती. मग काहीतरी कानावर आले आणि तो बेत बाजूला पडला. ते प्रसन्न, समजावणारे पत्र कधी लिहिले गेले का, कुणाला माहीत नाही. आपल्या हाती लागले ते हे दुसरे, घाईत आणि काळजीत लिहिलेले. पुढच्या वचनांतला कडकपणा वाचताना हे विसरू नये. भांडण हा या माणसाचा धंदा नव्हता.

कानावर काय आले? काही माणसे गुपचूप आत शिरली. नाव एकाचेही नाही. त्यांची मते काय होती, हेही यहूदा धड मांडत नाही. देवाने कृपा केली आहे म्हणजे आता काहीही करायला मोकळीक आहे, असा अर्थ ते लावत. कुणाचा अधिकार मानत नसत. स्वप्ने प्रमाण धरत. कुरकुर करत, फुशारकीने बोलत, आणि फायदा दिसला की मोठ्या माणसांची तोंडभर स्तुती करत. मुख्य म्हणजे प्रीतिभोजनाच्या पंगतीत निर्लज्जपणे बसून आपलेच पोट भरत.

प्रीतिभोजन म्हणजे त्या पहिल्या मंडळ्यांचे एकत्र जेवण. कुणाच्या तरी घरी सगळे जमत. गुलाम आणि मालक, विधवा आणि व्यापारी एकाच भाकरीला हात लावत. त्या काळच्या रोमी समाजात ही केवढी क्रांती होती, ते जातवार पंगती पाहिलेल्या आपल्या महाराष्ट्राला चटकन कळावे. म्हणून यहूदाचा राग सर्वांत जास्त भडकतो तो याच जागी. ते खडक आहेत, असे तो म्हणतो. पाण्याखाली दडलेले आणि तारू फोडणारे. मेंढपाळ म्हणवतात आणि चारतात स्वतःलाच, असेही म्हणतो. हा दुसरा वार यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायातून आलेला आहे. तत्त्वाच्या चुकीपेक्षा ताटावरची लबाडी त्याला जास्त भयंकर वाटते.

हे उपदेशक बहुधा गावोगाव फिरणारे असावेत. त्या काळी पायी फिरणारे प्रेषित आणि संदेष्टे हीच मंडळ्यांची शाळा होती, आणि त्यांच्यात खरा कोण, खोटा कोण हा रोजचा प्रश्न होता. 'डिडाखे' नावाची एक फार जुनी ख्रिस्ती नियमावली आहे. तिचे हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडले आणि १८८३ मध्ये छापले गेले. तिच्यातली कसोटी किती व्यवहारी आहे पाहा. आलेला प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी मागावी. पैसे मागितले तर तो खोटा. अंगात आल्यासारखे करून जेवण मांडायला सांगितले आणि तेच जेवण स्वतः खाल्ले, तरी तो खोटाच.

आमचा मुलूखही असाच वाटेवरचा आहे. बोरघाटाच्या पायथ्याला शतकानुशतके माणसे उतरत आणि चढत आली. कोंढाण्याची लेणी कोरणारे बौद्ध भिक्षू याच डोंगरकुशीत राहिले. खोपोलीला नाना फडणविसांनी तळे बांधले. १८५६ मध्ये मुंबईहून रेल्वे खोपोलीपर्यंत आली, आणि १८६३ मध्ये ती कर्जतहून घाट चढून पुण्याकडे गेली. व्यापारी, सैनिक, यात्रेकरू यांच्यासोबत बैरागी, गोसावी, फकीर आणि कथेकरी इथूनच गेले. वाटेवरच्या गावाला दोन गोष्टी शिकाव्या लागतात: आलेल्याला भाकर-पाणी द्यायचे, आणि आलेल्याची पारखही करायची. वारकरी परंपरेने ही पारख आपल्या परीने केलेली आहे. कीर्तनकाराने ज्या गावी कीर्तन केले तिथला पाहुणचारही टाळावा, हा तुकोबांनी घालून दिलेला कडक दंडक डिडाखेच्या अगदी शेजारी ठेवता येतो. या दोन मंडळींनी एकमेकांचे नावही ऐकलेले नव्हते.

पुढचा भाग मराठी वाचकाला जड जातो, हे मान्य करायला हवे. यहूदा जुन्या करारातले दाखले तीन-तीनच्या जुड्या बांधून भराभर टाकतो. मिसरातून सुटूनही रानात मेलेले इस्राएल लोक, आपली पायरी सोडून खाली आलेले देवदूत, सदोम आणि गमोरा ही एक जुडी. भावाचा जीव घेणारा काइन, पैशासाठी शाप विकायला निघालेला बलाम, मोशेविरुद्ध बंड करणारा कोरह ही दुसरी. ज्यांना या कथा पाठ त्यांना नुसते नाव पुरे. आपल्याकडे 'शकुनी' म्हटले की सगळे कपट डोळ्यांपुढे येते, तसेच ते. रायगड जिल्ह्यात या कथा पिढ्यान्‌पिढ्या मराठीत सांगणारी घरे होती, ती बेने इस्रायलांची. पेण, पनवेल, रोहा या बाजूला तेल गाळणारी आणि शनिवार पाळणारी म्हणून 'शनवार तेली' म्हटली गेलेली ही मंडळी. त्यांनी १८८० च्या सुमारास जुन्या करारातल्या कथांवर मराठी कीर्तनेही सुरू केली. त्या कीर्तनांना बसलेल्या श्रोत्याला यहूदाचे पत्र एका दमात कळले असते. बाकीच्यांनी ही नावे एकदा कुणाकडून तरी समजून घ्यावीत आणि पुढे जावे. खरा ऐवज पुढे आहे.

या दाखल्यांच्या मधोमध एक विलक्षण प्रसंग आहे. मोशे मेला. त्याच्या देहावरून मुख्य देवदूत मीखाएल आणि सैतान यांच्यात वाद झाला. सैतानासारखा प्रतिवादी समोर असताना मीखाएलाने काय केले? त्याने शिव्याशाप दिले नाहीत, निवाडाही सुनावला नाही. प्रभूच तुला धमकावो, एवढेच म्हणाला. हा प्रसंग बायबलमध्ये दुसरीकडे कुठेही नाही. मोशेविषयीच्या एका ज्यू ग्रंथातून तो आला, असे ओरिजेन या जुन्या पंडिताने नोंदवले आहे.

इथे मी दर वेळी थांबतो. खोट्या उपदेशकांवर कोरडे ओढायला बसलेला लेखक आपल्या पत्राच्या ऐन मध्यावर संयमाचे सर्वांत मोठे उदाहरण ठेवतो. देवदूतांचा प्रमुख सैतानालाही स्वतःच्या तोंडाने दोषी ठरवत नाही. मग आपण कोण? यहूदाने ही कथा घातली ती त्या उर्मट माणसांना लाजवण्यासाठी, हे खरे. पण कथा एकदा सांगितली की ती सांगणाऱ्यालाही लागू पडते, आणि हे त्याला कळत होते, असे मला वाटते. त्याचा पुरावा पत्राच्या शेवटाजवळ आहे, तिथे येऊच.

आता ते ढग. बारावे आणि तेरावे वचन म्हणजे या पत्राचे शिखर. खडक, मेंढपाळ, मग ढग, झाडे, लाटा, तारे. आधी समुद्राच्या पोटातला धोका, मग आभाळ, मग जमीन, पुन्हा समुद्र, पुन्हा आभाळ. एवढ्याशा जागेत सगळी सृष्टी पालथी घातली आहे आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी आपल्या स्वभावाविरुद्ध वागताना दाखवले आहे. ढगाने पाऊस द्यायचा, तो देत नाही. झाडाने फळ द्यायचे, ते देत नाही. ताऱ्याने वाट दाखवायची, तोच भटकतो.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कर्जतच्या शिवारात उभे राहून पाहावे. पश्चिमेला माथेरानची रांग, पूर्वेला सह्याद्रीची भिंत, मधे उल्हास नदीचे खोरे. दुपारनंतर माथेरानच्या डोक्यावर काळे ढग चढतात. वारा सुटतो, धूळ उडते, पत्रे वाजतात, बाया वाळवणे उचलतात. अंगणात उभा असलेला शेतकरी काही बोलत नाही. ढग खोऱ्यावरून सरकतात, भीमाशंकराच्या अंगाला जातात आणि आभाळ पुन्हा पांढरे होते. पेरलेला राब तसाच धुळीत. असे दोन-चार दिवस गेले की आवणाची काळजी लागते, आणि बियाणे दुबार आणावे लागते की काय, हा विचार घराघरांत शिरतो. हे ढग काहीच आणत नाहीत असे नाही. ते आशा घेऊन येतात आणि ती घेऊनच जातात. कोरड्या आभाळाने माणूस फसत नाही, भरून आलेल्या आभाळाने फसतो. खोट्या उपदेशकाचे याहून अचूक वर्णन मी वाचलेले नाही. त्याच्यापाशी गडगडाट असतो, सावली असते, थंड वाराही असतो. ज्याची तहान लागलेली आहे तेच फक्त नसते. आणि यहूदाने घातलेला तो वारा विसरू नये. हे ढग स्वतःच्या मर्जीने चाललेले नाहीत, त्यांना कुणीतरी हाकत आहे. लोकांना दिशा देणाऱ्याला स्वतःची दिशा नाही.

झाडांचे चित्र त्याहून निष्ठुर आहे. फळांचा हंगाम संपत आला तरी फळ नाही. दोनदा मेलेली, मुळासकट उपटलेली झाडे. दोनदा मरणे म्हणजे काय, यावर टीकाकारांनी बरेच लिहिले आहे. मला त्यात शेतकऱ्याचा हिशेब दिसतो. फळ धरले नाही तेव्हा झाड एकदा मेले, आणि उपटले तेव्हा दुसऱ्यांदा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडात घुसले, तेव्हा मुळे आभाळाकडे करून आडवी झालेली आंब्याची झाडे या जिल्ह्याने पाहिली आहेत. ती तर फळती झाडे होती. त्यांच्यासाठी माणसे हळहळली. यहूदाच्या झाडांसाठी हळहळायला कुणी नाही, हे त्या ओळीतले खरे दुःख आहे.

लाटांचे चित्र मी लवकर संपवतो: त्या आपली लाज फेसासारखी किनाऱ्यावर फेकतात. समुद्रकाठच्या वाचकाला त्यात अधिक सापडेल. तारे मात्र पाहण्यासारखे आहेत. भटकणारे तारे, ज्यांच्यासाठी घनदाट काळोख राखून ठेवला आहे. हे चित्र हवेतून आलेले नाही. हनोखाच्या नावावरच्या एका जुन्या ज्यू ग्रंथात, नेमलेल्या वेळी न उगवल्याबद्दल कैदेत टाकलेल्या ताऱ्यांचे दृश्य आहे. आणि यहूदाच्या पत्रात ताऱ्यांच्या लगेच पुढच्या वचनात काय येते? नाव घेऊन हनोखाचेच भविष्य. चित्रातून अवतरणात तो असा बेमालूम उतरतो.

या हनोखाने पत्राला पुढे बराच त्रास दिला. तो ग्रंथ बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांनी पवित्र शास्त्रात घेतला नाही. इथिओपियाच्या मंडळीने मात्र घेतला आणि तिच्याच गीझ भाषेत तो सबंध टिकला. शास्त्राबाहेरचा ग्रंथ प्रमाण म्हणून वापरतो, म्हणून अनेक जण हे पत्र नाकारतात, अशी नोंद जेरोम या जुन्या पंडिताने केली. युसेबियसने ते वादग्रस्त लिखाणांत धरले. ३६७ साली बिशप अथनासियसने सत्तावीस पुस्तकांची यादी दिली, तीत ते आले. तरी १५२२ च्या जर्मन नव्या करारात धर्मसुधारक लूथरने त्याला मागच्या रांगेत बसवले. खोट्या शिकवणीविरुद्ध लिहिलेल्या पत्रालाच आपला खरेपणा सिद्ध करत शतके काढावी लागली.

पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा दुसरा अध्याय यहूदाशेजारी ठेवून वाचण्यात मोठी गंमत आहे. बरेचसे तेच दाखले, जवळजवळ तोच क्रम, बरीचशी तीच चित्रे. बहुतेक अभ्यासक पेत्राच्या पत्राने यहूदाचे घेतले असे मानतात, आणि दोन्ही वाचल्यावर मलाही तसेच दिसते. तिथे हनोखाचे अवतरण गेले, मीखाएलाचे नाव गेले, फळहीन झाडे गेली. ढगांच्या जागी पाणी नसलेले झरे आले. वाईट नाही हे. पावसाळ्यात धो-धो पाऊस झेलणाऱ्या या तालुक्यांतल्या डोंगरावरच्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये आटलेल्या झऱ्याचा अर्थ विचारायची गरज नाही. पण झरा निदान एका जागी असतो, माणूस एकदा फसला की दुसऱ्यांदा तिकडे जात नाही. ढग पुन्हा येतो आणि पुन्हा आशा लावतो. यहूदाचे चित्र सरस.

इतके कौतुक केल्यावर एका अडचणीशी थांबायलाच हवे. हे पत्र कुणाच्याही हातात काठीसारखे देता येते. नावे नाहीत, मते स्पष्ट नाहीत. मग ज्याच्याशी आपले पटत नाही त्याला निर्जळ ढग म्हणायला कितीसा वेळ लागतो? आपल्या भूमीवरचा अनुभव सांगतो की खोटेपणाचा आळ पुष्कळदा खऱ्यावरच आला. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, त्या धर्म बुडेल या काळजीनेच. म्हणून खऱ्या-खोट्याची पारख कशावरून करायची, हा प्रश्न उरतो. समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूची लक्षणे सांगितली, चमत्काराला भुलू नका असे बजावले, आणि लगेच पुढच्या समासात शिष्याचीही लक्षणे दिली. फसवणारा असतो तिथे फसून घेणाराही असतो, ही समर्थांची जाण यहूदाच्या पत्रात तितकी नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. यहूदाची कसोटी वेगळी, पण पक्की आहे. तो डोक्यातल्या मताकडे न बघता पंगतीतल्या वागणुकीकडे बघतो: कोण कुणाच्या वाट्याचे खातो, कोण कुणाची खुशामत करतो, कोण माणसांत फूट पाडतो. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, तोही श्रद्धेवर बोट न ठेवता अघोरी कृत्यांची यादी देतो. शहाणपणाची वाट तीच.

आणि मग बावीस-तेवीस ही वचने येतात. इतकी आग ओकल्यावर यहूदा मंडळीकडे वळून सांगतो: जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा. काहींना आगीतून ओढून काढा. काहींवर भीत-भीत दया करा, त्यांचे डागळलेले वस्त्रही नकोसे मानून. जुन्या हस्तलिखितांत ही वचने सारखी नाहीत. कुठे माणसांचे दोन गट आहेत, कुठे तीन. कुठे शंका असणाऱ्यांवर दया करायला सांगितले आहे, तर कुठे त्यांची चूक दाखवून द्यायला. नकलून घेणाऱ्यांचे हातही दया आणि दटावणी यांच्यात अडखळले.

आग, डागळलेले वस्त्र, आणि मघाचे मीखाएलाचे ते एक वाक्य या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणाहून आलेल्या आहेत. जखऱ्या संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायात यहोशवा नावाचा मुख्य याजक मळकी वस्त्रे घालून परमेश्वराच्या दूतापुढे उभा आहे. त्याच्या उजव्या हाताला सैतान, आरोप करायला. परमेश्वर धमकावतो ते सैतानाला. हा माणूस म्हणजे आगीतून ओढून काढलेले कोलीत आहे, असे तो म्हणतो. मग त्याची मळकी वस्त्रे उतरवून त्याला चांगली वस्त्रे नेसवतात. यहूदाने हा प्रसंग तोडून त्याचे तुकडे पत्रात दोन ठिकाणी पेरले. ज्याला मूळ अध्याय आठवतो त्याला कळते की वस्त्र डागळलेला माणूस टाकून द्यायचा नसतो, आणि आरोप करत बाजूला उभे राहणे हे सैतानाचे काम आहे. खोट्यांवर आरोप करणारे पत्र लिहिताना यहूदाने स्वतःभोवती हे कुंपण घालून घेतले. मघाशी म्हटलेला पुरावा तो हाच. एरवी या पत्राला मी संतापाचा उत्तम नमुना म्हणून बाजूला ठेवले असते; या कुंपणामुळे ते मला थोर वाटते.

शंका असणाऱ्यांवरची ही दया महाराष्ट्रात एका बाईच्या वाट्याला फार थोडी आली. पंडिता रमाबाईंचे आईवडील पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरले, होते-नव्हते ते दानधर्मात घातले आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळात अन्नावाचून गेले. सप्टेंबर १८८३ मध्ये रमाबाईंनी इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. इकडे त्या भ्रष्ट ठरल्या. आणि तिकडे? त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर त्या प्रश्न विचारत होत्या, बिशपांचा शब्द पडताळल्याशिवाय मानायला तयार नव्हत्या. त्यांच्या ख्रिस्ती मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आला. तो वाचताना जाणवते की त्यांच्या शंकांकडे शंका म्हणून पाहणारे थोडे आणि बंडखोरी म्हणून पाहणारे फार. शंका विचारणारा आणि फसवणारा यांच्यात यहूदाने जो फरक केला तो त्याच्याच पत्राच्या वाचकांना तिथे करता आला नाही.

त्याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल एकटीने मराठीत आणले. साध्या बायाबापड्यांना कळावे ही त्यांची ओढ होती. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात आश्रमातल्या बायांनीच खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि सबंध ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. म्हणजे शंका असणाऱ्यांविषयीचे हे बाविसावे वचन एका जन्मभर शंका विचारणाऱ्या बाईच्या हातून मराठीत उतरले आहे, आणि दुष्काळात, वैधव्यात, छळात होरपळून निघालेल्या मुलींच्या हातांनी आगीतून ओढून काढण्याची ओळ खिळ्या-खिळ्याने जुळवली गेली आहे. या पत्राला मराठीत याहून मोठा मान मिळालेला मला माहीत नाही. मुंबई-पुण्याची आगगाडी घाट चढण्याआधी कर्जतला थांबते, तिथूनच त्या किती वेळा गेल्या-आल्या असतील.

शेवटची दोन वचने स्तुतीची आहेत. चर्चमध्ये पत्राचा मधला भाग क्वचित वाचला जातो; ही स्तुती मात्र उपासनेच्या शेवटी जगभर म्हटली जाते. ती सुटी म्हटली तरी सुंदर आहे, पण पत्राच्या ओघात आली की तिचे वजन वाढते. सबंध पत्रात राखण्याची एक क्रिया पुन्हा पुन्हा फिरते. वाचक ख्रिस्तासाठी राखलेले आहेत. देवदूतांनी आपली पायरी राखली नाही, म्हणून त्यांना अंधारात बांधून राखले आहे. भटक्या ताऱ्यांसाठी काळोख राखलेला आहे. तुम्ही स्वतःला देवाच्या प्रीतीत राखा. आणि आता शेवटी, तुम्हाला अडखळू न देता राखायला जो समर्थ आहे, त्याला गौरव. पडझडीची इतकी चित्रे दाखवल्यावर यहूदा वाचकांना निर्दोष आणि आनंदाने उभे केलेले दाखवतो. ज्या माणसांमुळे हे पत्र लिहावे लागले त्यांचा या दोन वचनांत साधा उल्लेखही नाही.